डावीकडं वळवलं की विमान नाक टाकतंय – दोष स्टिकचा की माझ्या हाताचा?

भातवाडी_फ्लायर | खानापूर तालुका | शनिवार, रात्री ९.१०

मंडळी नमस्कार. भात मळून घरात आलं, गावाशेजारची रानं मोकळी झाली आणि आमचा रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा हंगाम सुरू झाला. पण यंदा सुरुवातच कडू.

विमान घरीच फोम कापून केलेलं. वर पंख असलेला ट्रेनर, पंखाची लांबी १२०० मिमी, २२१२ साइजची १००० केव्ही (दर व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे) मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (विमानाच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ३ सेलची २२०० एमएएच बॅटरी. रिमोट सहा चॅनेलचा, चार पेन्सिल सेलवर चालणारा, मोड २ (उजव्या स्टिकनं नाक वर-खाली आणि डावं-उजवं कलणं, डाव्या स्टिकनं मोटरचा जोर आणि शेपटीचं वळण). सेकंडहँड घेतलाय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आधीच्या मालकानं त्याचं काय काय केलंय ते देव जाणे.

दुखणं असं. सरळ जाताना विमान शहाण्या बैलासारखं चालतं. उजवीकडं वळवा, वळतंय. डावीकडं वळवलं की कधी कधी नाक एकदम खाली टाकतं, वरनं कुणीतरी टपली मारल्यासारखं. आधी दहा वळणांत एकदा व्हायचं, आता तीन-चार वळणांत एकदा होतंय. मागच्या रविवारी वीसेक फुटांवर होतो, टपली बसली आणि विमान थेट भाताच्या धसकटात. प्रॉपेलर गेला, नाक चेपलं, मोटरचा शाफ्ट वाकला.

बेळगावात एका दुकानात रिमोट दाखवला. बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, 'स्टिक गेलीय, हे रिपेअर होत नसतंय, नवा घ्या.' नव्याला पैसे असते तर जुना कशाला घेतला असता? कुणाला असा अनुभव आहे का?

तिसरं_गेट | टिळकवाडी | शनिवार, रात्री ९.३२

काय करूलालास गा, उगीच रिमोटला शिव्या देऊलालास! वळताना विमान तिरकं झालं की पंखाची उचल पण तिरकी होते, नाक सगळ्यांचंच पडतं. वळणात एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी) जरा ओढून धरायचा असतो. दुसरं म्हणजे तोल बघ. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पावापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कुठंतरी तोल यायला पाहिजे. नाक जड झालं असेल.

आणि हे दोन्ही नसलं तर सांबऱ्याच्या विमानतळाचं रडार. हसू नका, आमच्या एका मित्राचा त्याच्यावर गाढ विश्वास आहे.

निपाणीकर_क्वाड | निपाणी | शनिवार, रात्री ९.५०

टॉर्क असेल. मागून बघितलं तर प्रॉपेलर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्याचा उलटा पीळ विमानाला डावीकडं लोळवतो. म्हणून डावं वळण जास्त खोल जातं. मोटर थोडी उजवीकडं आणि खाली तिरकी बसवून बघ.

भातवाडी_फ्लायर | शनिवार, रात्री १०.१५

गेट दादा, एलेव्हेटर ओढतोच की. तोल २८ टक्क्यांवर आहे, दोन बोटांवर धरून बघितलाय. आणि नाक जड असतं तर उजवीकडं वळताना पण पडलं असतं ना?

निपाणीकर, तुमचं पटलं होतं. पण आज संध्याकाळी (नवा प्रॉपेलर, नवा शाफ्ट) मोटर बंद करून घसरत उतरवताना पण डाव्या वळणात टपली बसलीच. मोटरच बंद, तर पीळ कुठला?

चिकोडी_मॅडम | चिकोडी | शनिवार, रात्री १०.४०

प्रश्न छान मांडलाय. अर्ध्या शंका तुम्ही स्वतःच खोडल्यात, त्या तशाच खोडत चला.

रडारचं सांगते, नाहीतर ते दर धाग्यात उगवतं. तुमचा रिमोट आणि रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांशी बाइंड केलेले असतात. संदेश तुटला तर रिसीव्हर फेलसेफला (आधी ठरवून ठेवलेल्या स्थितीला) जातो आणि त्याचा परिणाम एका चॅनेलपुरता राहत नाही. गर्दीतून एकटा एलेव्हेटर वेचून तेवढाच खाली ओढणारं रडार अजून निघालेलं नाही.

मात्र सांबऱ्याचं नाव निघालंच आहे म्हणून: ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवायचं नाही आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आपला माळ कुठल्या रंगात येतो ते एकदा बघून ठेवा. कॅम्प भागातल्या मंडळींनी तर जरूर. लष्कराच्या आवाराशेजारी 'खेळणं आहे साहेब' म्हणून सुटका होत नाही.

व्हॉल्यूमवाले_काका | शहापूर | रविवार, सकाळी ६.५५

बाळा, मी विमान कधी उडवलं नाही. नातू उडवतो, मी पडलेलं जोडतो. पण उभा जन्म रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात गेला, म्हणून लिहितो.

जुन्या रेडिओचा व्हॉल्यूम फिरवला की खर्र खर्र व्हायचं, घरात विचार. ते बटण आणि तुझी स्टिक एकाच आईची लेकरं. आत कार्बनची कमानीसारखी पट्टी असते आणि तिच्यावरून घासत जाणारा एक पातळ पत्र्याचा हात. याला आम्ही पॉट म्हणतो. पट्टीच्या एका टोकाला ३ व्होल्टच्या आसपास पुरवठा, दुसऱ्या टोकाला ग्राउंड. हात जिथं उभा राहील तिथलं व्होल्टेज मधल्या वायरीतून प्रोसेसरकडं जातं. रेडिओत त्याचा आवाज होतो, तुझ्याकडं त्याचा एलेव्हेटर होतो. एका स्टिकला असे दोन पॉट, एक उभ्या हालचालीचा, एक आडव्या.

आता प्रॉपेलर काढ. आधी काढ, मग पुढचं वाच.

काढलास? रिमोट चालू करून ज्या पानावर चॅनेलच्या पट्ट्या हलताना दिसतात ते उघड. निम्मं निदान त्या पानावरच होतं आणि लोक नेमकं तेच सोडून स्क्रूड्रायव्हर शोधतात. ही पट्टी संदेश हवेत जायच्या आधीचा हिशोब दाखवते. ती नाचली तर दोष रिमोटच्या पोटात. पट्टी गप्प आणि सर्व्हो मात्र थरथरतोय, तर रिमोटला हात लावू नको. रिसीव्हर, ईएससीकडून येणारा ५ व्होल्टचा पुरवठा किंवा खुद्द सर्व्होचे दात, तिकडं जा. त्यात शंका आली तर एलेव्हेटरचा सर्व्हो काढून एलरॉनच्या (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या फळीच्या) जागी लाव. थरथर सर्व्होबरोबर गेली का मूळ जागीच राहिली, यावरून पुढचं कळतं.

आणि पट्टी नाचते म्हणजे कशी नाचते? स्टिक दर वेळी त्याच एका जागेवर आली की उडी मारत असेल तर त्या जागेवरचा कार्बन झिजलाय. एलेव्हेटरला ही जागा बहुतेक मधोमध असते, स्टिकचं आयुष्य तिथंच जातं. सोडल्यावर कधी पाचवर थांबते, कधी उणे सातवर, तर स्प्रिंग, धूळ नाहीतर खिळीतलं घर्षण. चारही पट्ट्या एकदम नाचल्या तर पॉटला दोष देऊ नको. सेलची घाण झालेली टोकं बघ. आमच्याकडच्या पावसाळ्यात सेलच्या स्प्रिंगवर हिरवं चढतं, कापडानं पुसून भागत नाही, खरवडावं लागतं.

बघ आणि लिही. ट्रिम, मिक्स, एक्स्पो ही स्टिकच्या हुकमात फेरफार करणारी सेटिंगं सगळी शून्यावर ठेवून बघ, नाहीतर मिक्समुळं एक पट्टी दुसरीला ओढेल आणि तू फसशील.

भातवाडी_फ्लायर | रविवार, सकाळी ११.२०

काका, तुमचा मेसेज वाचायच्या आधी एक घोळ करून बसलोय. ओरडू नका. सकाळी उठल्या उठल्या उजव्या स्टिकच्या खाचेतून गंज काढायचा स्प्रे मारला. ट्रॅक्टरच्या बोल्टांना मारतो तोच. आता स्टिक एकदम सैल लागते, थोडं सोडलं की डुलते.

पट्ट्या बघितल्या. उजवी स्टिक वर-खाली शंभर वेळा केली, एलेव्हेटरची पट्टी लोण्यासारखी जाते. डावी-उजवी केली, एलरॉनची पण छान. मधोमध सोडली की शून्य-एक, फार तर दोन. म्हणजे रिमोट चांगलाच की काय?

तिसरं_गेट | रविवार, सकाळी ११.२६

ट्रॅक्टरचा स्प्रे! आता खोबरेल पण लाव आणि भांग पाड.

व्हॉल्यूमवाले_काका | रविवार, दुपारी १२.४०

ओरडत नाही. माझ्या दुकानात मी स्वतः पहिल्या वर्षी शिलाई मशीनचं तेल घातलं होतं व्हॉल्यूममध्ये, मालकानं आठवडाभर चहा आणायला लावला.

गंजाचा स्प्रे म्हणजे शेवटी तेल. तो उडून जात नाही, आत थर धरून बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. दोन दिवस बरं वाटतं, महिन्यानं चिखल. पॉटला पाहिजे तो कॉन्टॅक्ट क्लीनर, जो धुतो आणि वाळून जातो. नाहीतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं असतं. तेही थेंबभर, थेट पॉटच्या फटीत. सगळीकडं फवारलंस तर खिळीतलं घट्ट ग्रीस धुऊन जातं. तुझी डुलणारी स्टिक त्यामुळंच.

आता पट्टीबद्दल. तू वर-खाली करताना एलेव्हेटर बघितलास आणि डावी-उजवी करताना एलरॉन. उलट कर. स्टिक अगदी सावकाश, पालखी चालते तशी डावीकडं ने आणि डोळा एलेव्हेटरवर ठेव. तुझं विमान डावीकडं वळतानाच नाक टाकतंय ना?

उद्यमबाग_लेथ | उद्यमबाग, बेळगाव | रविवार, दुपारी १.०५

मधेच घुसतो. पॉटची कटकट नको म्हणून मी मागच्या वर्षी हॉलवाले गिंबल (स्टिक बसते ती चौकट) असलेला रिमोट घेतला. त्यात घासणारं काही नाही, चुंबक फिरतं आणि सेन्सर बघतो. म्हटलं आता जन्माची चिंता मिटली.

सहा महिन्यांत रडरचा (शेपटीच्या उभ्या फळीचा) मध्य सरकायला लागला. कॅलिब्रेशन केलं की बरोबर, आठवड्यानं परत सात-आठ टक्के बाजूला. वैतागून उघडला तर चुंबकाला काळी दाढी आली होती! रिमोट ठेवायचो कुठं, तर कारखान्यातल्या कपाटात, लेथपासून दहा फुटांवर. बीडाचं टर्निंग चालतं दिवसभर, ती बारीक काळी भुकटी हवेतच असते. चिमट्यानं निघता निघेना, शेवटी चिकटपट्टी लावून लावून उचलली. आता रिमोट डब्यात, डबा घरात. बायको म्हणते माझ्या मंगळसूत्रापेक्षा याला जास्त जपता.

चिकोडी_मॅडम | रविवार, दुपारी १.३०

दाढीचं वर्णन उद्या वर्गात वापरते. हॉल परिणाम १८७९ सालचा, एडविन हॉल यांचा: चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या, वीज वाहणाऱ्या पट्टीत आडव्या बाजूला थोडंसं व्होल्टेज तयार होतं. सेन्सर बिचारा क्षेत्र मोजतो. ते क्षेत्र स्टिकच्या चुंबकाचं, चिकटलेल्या लोखंडाचं की शेजारी ठेवलेल्या मोबाइल कव्हरच्या चुंबकाचं, हे त्याला कळत नाही. रिमोटवर मोबाइल अडकवून उडवणाऱ्यांनी कव्हर एकदा दूर नेऊन पट्टी बघा.

घटप्रभा_नवखा | घटप्रभा | रविवार, दुपारी २.१५

माफ करा, माझा प्रश्न पण स्टिकचाच. छोटा क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) घेतलाय, थ्रॉटल (मोटरचा जोर) पूर्ण खाली ओढला तरी आर्म होत नाही, म्हणजे मोटरी सुरूच होत नाहीत. थ्रॉटलच्या स्टिकला स्प्रिंग पण नाही, तुटली असेल का?

निपाणीकर_क्वाड | रविवार, दुपारी २.४०

थ्रॉटलला मधोमध आणणारी स्प्रिंग नसतेच, हात सोडला तरी जागेवर राहायला पाहिजे म्हणून. पत्र्याची पट्टी दाबून ठेवते, तिचा स्क्रू घट्ट-सैल करता येतो.

आर्मचं म्हणशील तर बेटाफ्लाइट या क्वाडच्या सॉफ्टवेअरच्या रिसीव्हर टॅबमध्ये थ्रॉटल खाली असताना आकडा किती येतो ते बघ. १०५० च्या खाली आला नाही तर तो थ्रॉटल 'खाली' धरतच नाही, मूळ सेटिंग तसं आहे. तुझा १०७० वगैरे येत असेल. आधी रिमोटचं स्टिक कॅलिब्रेशन, मग एंडपॉइंट (स्टिकच्या दोन्ही टोकांचे आकडे) वाढवून खाली १०००, वर २००० आण. मधला १५०० सबट्रिमनं (मध्य सरकवायचं सेटिंग). बाकीच्या स्टिक मधोमध थोड्या थरथरत असतील तर डेडबँड (मधोमधची बारीक हालचाल सोडून द्यायचं सेटिंग) ५ ठेव, दिसायची बंद होतात.

व्हॉल्यूमवाले_काका | रविवार, दुपारी ३.१०

दिसायची बंद होतात, हेच त्या डेडबँडचं वाईट. एक-दोनच्या थरथरीला ठीक आहे, पॉटला तेवढी असतेच. पण आज ५, दिवाळीला १०, पुढच्या गणपतीला १५ असं वाढवत गेलास तर तू दुखऱ्या दातावर लवंग ठेवूलालास. आकडा वाढवावा लागतोय म्हणजे पॉट झिजतोय.

निपाणीकर_क्वाड | रविवार, दुपारी ३.१८

मान्य काका. (माझा १२ आहे. आज रात्री उघडतो.)

भातवाडी_फ्लायर | रविवार, सायंकाळी ७.५०

सापडलं!!!

काका म्हणाले तसं केलं. खाटेवर बसलो, स्टिक सावकाश डावीकडं. अर्ध्यापर्यंत काही नाही. पाऊण भाग गेल्यावर एलेव्हेटरची पट्टी टुणकन पूर्ण शंभरावर आणि लगेच परत. एलेव्हेटरला मी हातच लावलेला नाही! पुन्हा केलं, काही नाही. चार वेळा केलं, पाचव्यांदा परत टुणकन. उजवीकडं वीस वेळा नेली, एकदा पण नाही. म्हणजे विमान जे करत होतं तेच खाटेवर बसून दिसलं. तीन आठवडे मी माझ्या बोटांना दोष देत होतो.

पण काका, एलरॉन हलवल्यावर एलेव्हेटर का नाचतो? दोन वेगळे पॉट आहेत ना?

व्हॉल्यूमवाले_काका | रविवार, रात्री ८.२०

शाब्बास. आता मागचं झाकण उघडून गिंबल बघ. आधी सेल काढ. दोनपैकी एक पॉट बाहेरच्या स्थिर चौकटीवर बसलेला असेल. दुसरा आतल्या हलत्या चौकटीवर, पाळण्यातल्या पोरासारखा. स्टिक आडवी नेली की तो अख्खा पॉट वायरीसकट झुलतो. तुझा एलेव्हेटर पाळण्यातला आहे. डावीकडं नेली की त्याच्या वायरी ताणतात, उजवीकडं नेली की सैल पडतात. आधीच्या मालकाची सगळी वळणं आणि तुझी सगळी वळणं, त्या वायरीनं तितके झोके खाल्लेत.

म्हणजे कार्बन ठीक असणार, वायर गेलीय. बाहेरून शाबूत दिसेल. आतली तांब्याची केसं तुटलेली असतात, वरचं प्लास्टिक तेवढं धरून ठेवतं. तिन्ही वायरी एक एक करून टाक्याजवळ (सोल्डरच्या जोडाजवळ) चिमट्यानं हलकी ओढ. जी रबरासारखी लांबते आणि मधेच बारीक होते, ती.

चिकोडी_मॅडम | रविवार, रात्री ८.३५

पट्टी थेट शंभरावर का गेली, मधे कुठं का थांबली नाही, याचा विचार करा, वायर न ओढताही उत्तर येतं. दोन टोकं आणि मधला हात. मधली वायर तुटली तर प्रोसेसरची ती पिन अधांतरी राहते, पट्टी वाटेल तशी तरंगते, बोट जवळ नेलं तरी हलते. टोकाची वायर तुटली तर हाताला फक्त दुसरं टोक दिसतं. ग्राउंड तुटलं की सगळं पुरवठ्याचं व्होल्टेज, म्हणजे आकडा एका टोकाला ठाम. पुरवठा तुटला की उलट्या टोकाला ठाम. तुमचा ठाम जातोय, तेव्हा मधली वायर निर्दोष आहे असं मी म्हणेन. टोकाच्या दोघींपैकी एक.

तिसरं_गेट | रविवार, रात्री ८.४१

मॅडम, तुमच्यासारखं कुणी शिकवलं असतं तर मी बारावीला फिजिक्समध्ये आपटलो नसतो. आणि हो, माझं 'एलेव्हेटर ओढ' मागं घेतो. रडार ठेवतो.

भातवाडी_फ्लायर | सोमवार, रात्री ९.०५

मॅडम बरोबर. ग्राउंडची काळी वायर. ओढली आणि टाक्यापासून चार मिलिमीटरवर प्लास्टिक लांबलं. कापून बघितली तर आत एकच केस शिल्लक, बाकी सगळी तुटलेली. त्या एका केसावर माझं विमान उडत होतं.

शेजारच्या गल्लीतल्या मोटर वाइंडिंगवाल्या मामांकडं जुना काट्याचा मल्टिमीटर आहे, तो आणला. पॉटची दोन टोकं मोजली, साधारण ५ किलोओहम. मग एक टोक आणि मधली पिन धरून स्टिक हळू फिरवली, काटा कुठं न अडखळता गेला. म्हणजे पॉट चांगला. टाका कसा मारू, ते सांगा. हात थरथरतो.

व्हॉल्यूमवाले_काका | सोमवार, रात्री ९.४०

काट्याचा मीटर आणलास, मन भरलं. डिजिटलमध्ये आकडा बदलेपर्यंत उडी निघून गेलेली असते. काटा मात्र दचकतो, लगेच दिसतं.

टाक्याचं ऐक. आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढ. वायरींच्या रंगावर विश्वास नको, जागेवर ठेव. दोन्ही टोकांच्या वायरी उलट्या लागल्या तर एलेव्हेटर उलटा होईल. त्यात चटका बसण्यासारखं काही नाही, पण तू मेनूत तो रिव्हर्स करून टाकशील आणि पुढच्या माणसाचा घोळ.

टाका मारायची २५ वॅटची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) घे. पॉटच्या पिना प्लास्टिकमध्ये बसवलेल्या असतात, दोन सेकंदांच्या वर टेकवू नको, प्लास्टिक वितळून पीन तिरकी होते. आता मुख्य गोष्ट. वायर सिलिकॉनच्या आवरणाची, बारीक केसांची घे, आणि टाका मारताना कथील वायरीच्या आत चढू देऊ नको. कथील चढलं की तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि काडी जिथं संपते तिथंच पुढच्या वर्षी तुटते. तुझी चार मिलिमीटरवर तुटली ना? कारखान्यातलं कथील तिथपर्यंत चढलं असणार. टाक्यावर श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) लाव, म्हणजे वाक एका ठिकाणी न येता पसरून येतो.

लांबी मूळ वायरीपेक्षा दोन सेंटीमीटर जास्त. स्टिक चारी कोपऱ्यांत नेऊन बघ, कुठंच ताण येता कामा नये आणि स्प्रिंगमध्ये अडकताही कामा नये. एकीला नवी लावलीस की पाळण्यातल्या तिन्ही बदल. त्यांनी सारखेच झोके खाल्लेत.

आणि तो स्प्रे? खिळीवरचं तेल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसून काढ, मग घट्ट सिलिकॉन ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका. मोहरीएवढा म्हणालो.

उद्यमबाग_लेथ | सोमवार, रात्री १०.०२

ग्रीस नसेल तर येताना माझ्याकडून घेऊन जा, पहिल्या गेटाजवळ भेटतो. डबीभर पडलंय. २८ गेजची सिलिकॉन वायर पण आहे, लाल-काळी.

भातवाडी_फ्लायर | बुधवार, रात्री ८.१५

उद्यमबाग दादांनी वायर, ग्रीस दिलं आणि वर उसाचा रस पाजला. पैसे घेतले नाहीत.

तिन्ही वायरी बदलल्या. पहिला टाका गोळ्यासारखा बसला, कापून परत मारला. मग कॅलिब्रेशन: स्टिक मधोमध, मग चारी कडांना गोल फिरवायच्या. जोर लावून कडेला दाबायच्या नाहीत, मी आधी दाबत होतो. नंतर अर्धा तास टीव्हीसमोर बसून स्टिक डावीकडं नेत बसलो. बाबा म्हणाले, 'जप करुलालास काय?' एलेव्हेटर जागचा हलला नाही.

निपाणीकर_क्वाड | बुधवार, रात्री ८.३०

माझाही निकाल सांगतो. पॉटच्या आत पाचट जाळल्याची राख होती, बोटाला काळं लागलं. आमच्याकडं हंगामात रानात बसून उडवायचं म्हणजे राख आलीच. क्लीनरचा थेंब, वीस वेळा फिरवला, थरथर उणे-अधिक एकवर. डेडबँड २.

घटप्रभा_नवखा | बुधवार, रात्री ८.४४

माझा १०८४ येत होता. कॅलिब्रेशननं १००६ झाला, एंडपॉइंटनं ९९८. आर्म झाला आणि पहिल्याच दणक्यात तुळशी वृंदावनाला धडकला. आजी बोलत नाही.

भातवाडी_फ्लायर | रविवार, सकाळी १०.५०

आज सकाळी साडेसातला, वारा उठायच्या आधी. आधी प्रॉपेलर काढून रेंज बघितली, सर्व्हो हलवून बघितले, मग उड्डाण. मुद्दाम उंचावर नेऊन डावीकडं पंचवीस वळणं घेतली. नंतर मोटर बंद करून अजून पाच. टपली नाही. उतरताना एक घार मागं लागली, तिलाही डावीकडंच वळून चुकवली.

काका, एक विचारायचं होतं. डाव्या स्टिकच्या वायरी पण त्याच वयाच्या आहेत. पट्ट्या मात्र एकदम स्थिर आहेत. उघडू का?

व्हॉल्यूमवाले_काका | रविवार, सकाळी ११.३०

रडर पाळण्यात आहे की थ्रॉटल?

भातवाडी_फ्लायर | रविवार, सकाळी ११.३४

थ्रॉटल.

व्हॉल्यूमवाले_काका | रविवार, सकाळी ११.३६

मग रडर हलवताना टुणकन पूर्ण थ्रॉटल मिळायची वाट बघू नको. प्रॉपेलर काढ, फोटो काढ, आजच बदल.